प्र१७ब या स्तंभाचा अर्थ

काही वर्षांपूर्वी एका संशोधन गटाने पूर्वी केलेल्या कौटुंबिक सर्वेक्षणाची फाइल मला अभ्यासासाठी मिळाली. फाइल उघडून मी सर्वांत आधी शिक्षणाच्या वर्षांची सरासरी काढली, तर ती २१ आली. कुठेतरी घोळ आहे हे उघडच होते. थोडे शोधल्यावर कळले की ज्यांनी उत्तर दिले नव्हते त्यांच्यापुढे ९९ लिहिले होते आणि संगणकाने ती शिक्षणाची ९९ वर्षे धरली होती. ही चूक पकडणे सोपे होते. खरी अडचण ‘प्र१७ब’ या स्तंभाने उभी केली. घरातील मोठ्या खर्चाचा निर्णय कोण घेते, असा तो प्रश्न होता एवढे अहवालावरून समजत होते आणि स्तंभात १, २, ३ असे आकडे होते. पण १ म्हणजे ती स्त्री स्वतः की तिचा पती, हे सांगणारे कोडबुक कुठेच नव्हते. मूळ प्रश्नावली सापडत नव्हती आणि फील्डवर्क केलेल्यांना पर्यायांचा क्रम आठवत नव्हता. अंदाज बांधता आला असता, पण तो चुकला असता तर निष्कर्ष नेमका उलटा निघाला असता. शेवटी तो स्तंभ मला सोडून द्यावा लागला. शेकडो स्त्रियांनी हातातले काम बाजूला ठेवून, काहींनी घरातल्या माणसांसमोर संकोचत दिलेली उत्तरे एका कागदाअभावी वाया गेली, याचे मला आजही वाईट वाटते.

सामाजिक शास्त्रांत डेटा इतरांना देण्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा मालकी आणि श्रेय यांच्याभोवती फिरते. तीन-चार वर्षे राबून माहिती गोळा करायची आणि त्यावरचा पहिला लेख दुसऱ्याने लिहायचा, ही भीती खोटी नाही. ठरावीक मुदतीपर्यंत मूळ संशोधकालाच वापराचा हक्क देणे हा त्यावरचा रास्त तोडगा आहे. पण मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. दिलेला डेटा घेणाऱ्याला समजणार आहे का? नमुना कसा निवडला, एखादा लहान समाजगट मुद्दाम जास्त प्रमाणात घेतला असेल तर भारांक (प्रत्येक उत्तराला हिशेबात किती वजन द्यायचे ते आकडे) कोणते लावायचे, मुलाखतदारांना कोणत्या सूचना दिल्या होत्या, हे सोबत नसेल तर फाइल हातात असूनही उपयोग नसतो. कोलोन येथे १९६० मध्ये, मिशिगन विद्यापीठात १९६२ मध्ये आणि एसेक्स विद्यापीठात १९६७ मध्ये सुरू झालेल्या डेटा संग्रहांनी हा धडा फार पूर्वीच घेतला आहे. अशा संग्रहांतील कर्मचाऱ्यांचा बराचसा वेळ आकडे सांभाळण्यापेक्षा त्यांचे वर्णन नीट लिहून घेण्यात जातो.

जुन्या डेटातून किती नवे निघू शकते, याचे माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण शेल्डन आणि एलिनॉर ग्लुक या गुन्हेगारीच्या अभ्यासक दांपत्याच्या अभ्यासाचे आहे. १९४० च्या सुमारास त्यांनी बॉस्टनमधील ५०० बालगुन्हेगार मुले आणि वय, बुद्ध्यांक, वांशिक पार्श्वभूमी व वस्ती यांबाबत त्यांच्याशी जुळणारी, गुन्ह्याच्या वाटेला न गेलेली ५०० मुले निवडली. पुढे ती मुले ३२ वर्षांची होईपर्यंत त्यांनी त्यांचा मागोवा घेतला. ते सारे कागद हार्वर्डच्या कायदा ग्रंथालयाच्या तळघरात खोक्यांत पडून होते. १९८० च्या दशकात जॉन लॉब आणि रॉबर्ट सॅम्पसन या संशोधकांनी ती खोकी उघडली आणि त्यातील नोंदी नव्याने संगणकावर आणण्यात अनेक वर्षे खर्च केली. ग्लुक दांपत्याचा भर बालपणातल्या कारणांवर होता. त्याच नोंदींतून या दोघांनी दाखवून दिले की स्थिर नोकरी आणि चांगले वैवाहिक नाते यांमुळे मोठेपणीही माणूस गुन्ह्यापासून दूर जाऊ शकतो. हा प्रश्न ग्लुक दांपत्याने विचारलाच नव्हता. तरीही त्याचे उत्तर त्यांच्या कागदांत होते, कारण त्यांनी कुटुंब, शाळा, पोलीस अशा अनेकांकडून मिळालेली माहिती जशीच्या तशी टिपून ठेवली होती. केवळ अंतिम तक्ते जपले असते, तर पुढचे काहीच शक्य झाले नसते.

डेटा देण्याचा दुसरा लाभ पडताळणीचा. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या लेखात, सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलेल्या देशांचा सरासरी वाढदर उणे ०.१ टक्के दाखवला होता. टॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने तो निष्कर्ष पुन्हा काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा लेखकांनी त्याला आपली एक्सेल फाइल दिली. सरासरीच्या सूत्रातून पहिले पाच देश सुटले होते आणि भारांक व वर्षांच्या निवडीतही प्रश्न होते. २०१३ मध्ये हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांनी केलेल्या गणनेत तो दर २.२ टक्के आला. चूक सापडली, कारण फाइल दिली गेली. हे त्या लेखकांच्या बाजूचे श्रेय आहे आणि ते द्यायला हवे असे मला वाटते.

मुलाखतींच्या बाबतीत मात्र मी सावध आहे. नाव काढले म्हणजे माणूस निनावी झाला, हा समज चुकीचा आहे. केवळ जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड यांवरून अमेरिकेतील ८७ टक्के लोक वेगळे ओळखता येण्याची शक्यता आहे, असे संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २००० मध्ये जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवले होते. मुलाखतीत तर माणसाचे अख्खे आयुष्य असते. व्यवसाय, वस्ती, भावंडे सगळे पुसले तर बोलण्याचा अर्थ जातो. तसेच ठेवले तर ओळख उघड होते. यावर पायरीपायरीने प्रवेश देणे मला योग्य वाटते: काही भाग सर्वांना, काही नोंदणी करणाऱ्यांना आणि काही फक्त संग्रहाच्या देखरेखीखाली बसून वाचणाऱ्यांना. पण संमतीपत्रावर ‘ही माहिती फक्त याच अभ्यासासाठी वापरली जाईल’ असे लिहून दिले असेल तर यातले काहीच करता येत नाही, आणि करूही नये. म्हणून पुढील वापराची परवानगी मुलाखतीच्या वेळीच, सोप्या शब्दांत आणि नाही म्हणण्याची पूर्ण मोकळीक देऊन मागायला हवी.

अलीकडे मी फील्डवर्क संपताच एक गोष्ट करते. प्रकल्पाशी संबंध नसलेल्या एका सहकारी मैत्रिणीला फाइल, प्रश्नावली आणि कोडबुक देते आणि तोंडी काहीही न सांगता एक ठरावीक तक्ता तयार करायला सांगते. मागच्या वेळी ती अकरा शंका घेऊन आली. त्यांतल्या नऊंची उत्तरे मी तिथेच कोडबुकमध्ये लिहिली. उरलेल्या दोन शंकांची उत्तरे मलाही ठाऊक नव्हती, म्हणून मी मुलाखतदारांना फोन केले. काम संपून तेव्हा दोनच महिने झाले होते आणि कोणता पर्याय कशासाठी होता, हे त्यांना अजून आठवत होते.