गांडुळे किती, यापेक्षा कोणती?

जमिनीत गांडुळे भरपूर सापडली की ती जमीन निरोगी समजण्याचा प्रघात आहे. मला मात्र हा निकष अपुरा वाटतो. काही जाती पालापाचोळ्यातच राहतात, काही वरच्या थरातील माती खात आडवी बिळे करतात, तर काही खोल उभ्या बिळांत राहून रात्री वर येतात आणि पाने ओढून आत नेतात. वारंवार नांगरणी झाली की पहिल्या प्रकाराचे अन्न व आसरा नाहीसा होतो आणि तिसऱ्याची बिळे मोडतात. माती खाणारी गांडुळे मात्र बऱ्याचदा तग धरतात, कारण गाडल्या गेलेल्या अवशेषांवर त्यांचे भागते.

57 देशांतील नोंदी एकत्र करून 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जागतिक पातळीवर गांडुळांच्या विविधतेवर मातीच्या गुणधर्मांपेक्षा तापमान आणि पाऊस यांचा प्रभाव अधिक असल्याचे दिसले. तरीही एकाच हवामानातील शेजारशेजारच्या दोन जमिनींत जो फरक दिसतो, तो बहुतांशी जमिनीच्या वापरामुळे, सामूमुळे (म्हणजे माती किती आम्ल वा अल्कधर्मी आहे त्यामुळे) आणि सेंद्रिय पदार्थांच्या प्रमाणामुळे पडतो. फार आम्लधर्मी मातीत मोजक्याच जाती टिकतात, आणि ताम्रयुक्त बुरशीनाशके वर्षानुवर्षे फवारलेल्या बागांतही त्यांची संख्या घटते.

ब्राझीलमधील मनौसजवळचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. तिथे जंगल तोडून कुरणे केल्यावर मूळच्या मृदाजीवांपैकी बहुतेक नाहीसे झाले आणि पॉन्टोस्कोलेक्स कोरेथ्रुरस ही गांडुळाची एकच जात बेसुमार वाढली. तिच्या विष्ठेचे घट्ट थर पृष्ठभागावर साचत गेले. ते सैल करणारे इतर जीव उरले नसल्यामुळे पाणी मुरणे कमी झाले. संशोधकांनी या कुरणातील मातीचे ठोकळे जंगलात नेऊन ठेवले, तेव्हा तिथल्या विविध जीवांनी त्या मातीची रचना पुन्हा पोकळ केली. दोष त्या गांडुळाचा नव्हता, त्याच्या एकटेपणाचा होता, असे मी म्हणेन.

उत्तर अमेरिकेच्या ज्या भागावर शेवटच्या हिमयुगात बर्फ होते, तिथल्या जंगलांत मूळची गांडुळे जवळपास नाहीतच. युरोपातून माणसाबरोबर आलेल्या जाती आज तिथला पालापाचोळ्याचा जाड थर फस्त करत आहेत, आणि त्याच थरात रुजणाऱ्या वनस्पती मागे हटत आहेत.