फॉस्फरस १.१
त्या आजींचा फीड चार्ट अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

फ्लूचा न्यूमोनिया, व्हेंटिलेटर, वजन ५२ किलो. ऑक्सिजन टिकेना म्हणून दिवसाचे सोळा तास पालथं झोपवलेलं. पालथ्या पेशंटलाही डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवून नळीतून फीड देता येतं, हे मला दर वेळी नव्याने पटवून द्यावं लागतं. आयसीयूची आहारतज्ज्ञ म्हणून हिशेब मी चोख केला होता. दिवसाला किलोमागे २० कॅलरी, म्हणजे १,०४०. त्यातून प्रोपोफॉलच्या २६४ वजा. झोपेचं हे औषध चरबीच्या द्रावणात येतं, दर मिलिलिटरला १.१ कॅलरी. ताशी १० मिलिलिटर चालू होतं. हे सहसा कुणी मोजत नाही, मी मोजते. उरलेल्या ७७६ कॅलरींसाठी फीड ताशी ३२ मिलिलिटर.

पहिले दोन दिवस प्रत्यक्षात निम्मंच गेलं. कूस बदलण्याआधी फीड थांबवतात ते योग्यच, पण पुन्हा सुरू करायचं राहून जातं. दोष सिस्टरांचा नाही, एकेकीकडे तीन-तीन पेशंट. दोष राउंडचा, तिथे फीडच्या वाट्याला एकच वाक्य येतं, ‘चालू आहे ना?’ मी भांडले. तिसऱ्या दिवशी फीड अखंड चाललं.

चौथ्या सकाळी हृदयाचे ठोके अनियमित झाले. पोटॅशियम २.८, बरंच कमी. फॉस्फरस नेहमीच्या तपासण्यांत नसतो, तो मी मागून घेतला. १.१ आला. किमान हवा त्याच्या निम्म्याहूनही कमी.

मुलीला फोन लावला. ‘ताई, आजारी पडल्यापासून बारा दिवस आईच्या पोटात पाण्याशिवाय काही टिकलंच नाही.’ दाखल करतानाच्या कागदावर ‘आहार: नेहमीचा’ अशी खूण होती. ती मी खरी मानली. इतक्या उपाशी शरीराला एकदम पोषण मिळालं की इन्सुलिन वाढतं, फॉस्फेट (म्हणजे रक्तातला फॉस्फरस) आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि रक्तात खडखडाट होतो. मला हे पाठ आहे. किलोमागे १० कॅलरींनीच सुरुवात करायला हवी होती, आणि त्याआधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व.

फीड ताशी ११ वर आणलं, थायमिन दिलं, शिरेतून फॉस्फेट आणि पोटॅशियम. दोन दिवसांत आकडे सावरले, मग हळूहळू वाढवत नेलं. आजी वाचल्या.

ज्या विसरभोळेपणाशी मी भांडत होते, त्यानेच पहिले दोन दिवस त्यांना सांभाळलं असेल का? आता हिशेबाआधी मी घरी फोन करते. कागदावर मात्र ‘नेहमीचा’ची खूण अजून येतेच आहे.