१०३वं शून्य

९ फेब्रुवारी, सकाळ

आज वहीत १०३वं शून्य लिहिलं. २९ ऑक्टोबरला शेवटची सर आली, त्यानंतर आभाळानं आमच्या माण तालुक्याकडं पाठच फिरवलीय.

रोज सकाळी साडेआठला परसात जायचं, पर्जन्यमापकाचं नरसाळं उचलायचं, बाटली मापात उपडी करायची आणि ०.० लिहायचं. पावसाळ्यात या कामाला जीव असतो. नरसाळ्याचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं, त्यामुळं २० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. २.५ भरला तरच तो 'पावसाचा दिवस'. २.४वर अडकला की आबा दिवसभर हळहळायचे. पण आम्ही पर्जन्यछायेतले. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वराला पाच हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, आमच्याकडं पाचशे झाला तरी वर्ष बरं म्हणायचं. वही बहुतेक शून्यांनीच भरते.

आबांनी वही माझ्याकडं दिली तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात जीव कंटाळला. काल तेच, आज तेच, उद्याही तेच. मी शून्याखाली शून्य लिहायचं सोडून 'वरीलप्रमाणे'ची दोन टिंबं द्यायला लागले. संध्याकाळी त्यांनी वही चाळली. रागावले नाहीत, नुसतं विचारलं, "वरच्यासारखंच आहे हे बघून लिहिलंस, का न बघता?"

दोन दिवस मी परसात गेलेच नव्हते.

मागच्या जानेवारीत त्यांना साताऱ्याला दवाखान्यात ठेवलं होतं. मी सोबत होते, घराला कुलूप. नऊ दिवसांनी परतलो. त्या दिवसांत पाऊस नव्हता, सगळा गाव सांगत होता. बाटलीही कोरडी ठणठणीत. मी म्हटलं, आबा, नऊ शून्यं टाकते. ते अंथरुणातूनच म्हणाले, "रिकामं ठेव. शून्य म्हणजे कुणीतरी जाऊन बघितलं."

ते नऊ रकाने अजून कोरे आहेत. पान उलटताना दरवेळी नजर तिथंच अडखळते. आबा गेल्यावर तर जास्तच. त्यांच्या जुन्या वह्यांत शून्यंच शून्यं, पण एकही दुसऱ्यासारखं नाही. काही घाईतली, काही गोल गरगरीत. आई गेली त्या दिवसाचंही आहे, जरा तिरकं, पण आहे.

आज नरसाळ्यात कोळ्यानं जाळं विणलं होतं. पुसून काढलं. बाटलीच्या तळाला दवाचा एक थेंब चिकटलेला. उपडी धरून थोडा वेळ थांबले. मापात काही उतरला नाही.

०.०