गाडी सरळ पळते म्हणजे अलाइनमेंट बरोबर, असं नसतं

दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गाडी धुवायला घेतली. गंगापूर रोडला आमच्या बिल्डिंगखाली त्या दिवशी सगळेच बादल्या घेऊन उतरलेले असतात, कुणाची ॲक्टिव्हा, कुणाची इको, आणि त्यात माझी सेकंडहँड ऑडी टीटी. पुढच्या डाव्या चाकामागचा चिखल निघेना म्हणून स्टिअरिंग पूर्ण वळवलं, हात आत घातला आणि बोटाला काहीतरी टोचलं. आधी वाटलं बाभळीचा काटा असेल. मोबाइलचा टॉर्च मारला तर टायरची तार होती.

बाहेरून बघितलं तर तो टायर छान दिसत होता, नक्षी अजून 5 मिलिमीटर तरी शिल्लक. पण आतली कड, म्हणजे इंजिनाकडची बाजू, बोटभर रुंदीचा पट्टा पूर्ण गुळगुळीत आणि त्याच्या टोकाला रबर संपून तारा बाहेर. उजव्या टायरला तार नव्हती दिसत पण तिथेही आतल्या बाजूला 1.6 मिलिमीटरची खूण कधीच घासून गेलेली, म्हणजे कायद्याने सुद्धा तो टायर बाद. आणि आम्ही दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन म्हणून कसारा घाटातून मुंबईला निघणार होतो. मला आजही तो विचार आला की पोटात गोळा येतो.

मला सगळ्यात जास्त धक्का याचा बसला की गाडीने काहीच सांगितलं नव्हतं. स्टिअरिंग सरळ, हायवेला हात हलका सोडला तरी गाडी डावीउजवीकडे जात नव्हती, थरथर नाही, काही नाही. मी तर समजूनच चालले होते की गाडी एका बाजूला ओढत नाही ना, मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, ठीक आहे. आपल्याकडे बहुतेक सगळे असंच समजतात.

माझे बाबा मायकोतून रिटायर झालेत (आता बॉश म्हणायचं, पण नाशकात अजून मायकोच). आयुष्यभर मापं घेतलेला माणूस. त्यांनी खाली येऊन टायरवर आधी नुसता तळवा फिरवला, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. म्हणाले, "एकीकडून हात सरकतो, दुसरीकडून अडकतो बघ, करवतीसारखं. हवा कमी असती तर दोन्ही कडा गेल्या असत्या, हवा जास्त असती तर मधला भाग गेला असता. हे आडवं घासलं गेलंय." झेंडूची माळ आणि पूजा दुसऱ्या दिवशी गाडी जागेवर उभी ठेवूनच केली, मुंबईला एसटीने गेलो.

नंतर सातपूरला एका अलाइनमेंटवाल्या दादांकडे गाडी नेली, टोइंगच्या गाडीने ओढून, कारण त्या टायरवर चालवायची माझी हिंमत नव्हती. त्यांनी लगेच मशीन नाही लावलं, आधी लिफ्टवर घेऊन पहारीने एकेक जॉइंट हलवून बघितला. डाव्या लोअर आर्मचा (चाकाला धरून ठेवणारा खालचा दांडा) मागचा बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, फाटलेला. म्हणजे ब्रेक मारला की आर्म मागे सरकणार आणि चाकाचं तोंड बदलणार, मग उभ्या गाडीचं माप कितीही चांगलं येऊ दे. त्यात आधीच्या मालकाने गाडी खाली बसवायला लोअरिंग स्प्रिंग टाकलेल्या. दिसायला भारी, पण या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) आहेत, गाडी खाली बसली की चाकाचा वरचा भाग आत झुकतो, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर वाढतो, आणि त्याबरोबर टो, म्हणजे चाकाचं तोंड आत किंवा बाहेर किती वळलंय ते, सुद्धा बदलतो. नुसत्या कॅम्बरने टायर आतून झिजतो पण हळूहळू झिजतो. टो चुकला की टायर खाऊनच टाकतो, आणि दोन्ही एकत्र आले की आतली कड काही महिन्यांत संपते.

मशीनवर आकडे आले. कॅम्बर डावीकडे उणे 1 अंश 50 मिनिटं, उजवीकडे उणे 1 अंश 20 मिनिटं. टो दोन्ही चाकांना 20-20 मिनिटं बाहेर. बाबांनी तिथेच पावतीच्या मागे हिशोब केला. ही मिनिटं घड्याळातली नाहीत, एका अंशाची 60 मिनिटं. 20 मिनिटं म्हणजे अंशाचा तिसरा भाग, वाटतं किती कमी! पण त्या तिरकेपणाने 1 किलोमीटर गेलं की टायर जवळजवळ 6 मीटर आडवा घासला जातो. नाशिक ते मुंबई साधारण 170 किलोमीटर धरा, म्हणजे मुंबई येईपर्यंत टायर 1 किलोमीटर आडवा फरफटलाय. ढोबळ हिशोब आहे, पण तो कागद मी जपून ठेवलाय.

आणि गाडी सरळ का जात होती तेही तिथेच कळलं. दोन्ही चाकं बाहेरच्या बाजूला सारखीच वळलेली, डावं डावीकडे ओढतंय, उजवं उजवीकडे, दोघांचं जमून बरोबरी होते आणि ड्रायव्हरच्या हाताला काहीच लागत नाही.

नऊ महिन्यांपूर्वी मी दुसऱ्या एका दुकानात अलाइनमेंट-बॅलन्सिंग केलं होतं. पंधरा मिनिटांत झालं. "ताई, सगळं ग्रीन आहे", म्हणजे स्क्रीनवर मापं मर्यादेत आहेत, म्हणाले, मीही पैसे देऊन निघाले. प्रिंटआउट मागितली नाही. त्यामुळे चूक तेव्हाच राहिली होती की नंतर पावसाळ्यात द्वारका आणि मुंबई नाक्याच्या खड्ड्यांनी बुश गेला, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण एक कागद हातात असता तर कळलं असतं. म्हणून आधीची आणि नंतरची, दोन्ही मापं असलेली प्रिंट घेतल्याशिवाय दुकानातून हलू नका. आणि मशीनमध्ये गाडीचं बरोबर मॉडेल आणि सस्पेन्शन निवडलंय का तेही विचारा, कारण ग्रीन आणि रेड हे त्या निवडीवर ठरतं. काही मशीन दशांशात दाखवतात, तिथे 0.20 म्हणजे 20 मिनिटं नाही, 12 मिनिटं.

पुढचं काम दोन दिवस चाललं. दोन्ही बाजूचे बुश बदलले, स्प्रिंग परत स्टँडर्ड बसवल्या. टायर चारही नवे घेतले, 245/40 आर 18, खिशाला जड गेलं पण ही क्वाट्रो आहे, म्हणजे चारही चाकांना ताकद जाते, पुढे नवे आणि मागे झिजलेले ठेवले तर चाकांचा घेर वेगळा होतो आणि मधल्या कपलिंगवर उगाच ताण येतो. मग हवा मोजली, गाडी टर्न प्लेटवर (चाकाखालच्या फिरत्या चकत्या) घेऊन थोडी मागेपुढे ढकलली (रिम वाकडी असेल तर ते माप वजा व्हायला), आधी मागच्या चाकांचं सेटिंग, मग पुढचं. पुढे कॅम्बर सेट करायला या गाडीत वेगळा बोल्ट नाही, सबफ्रेम (इंजिनाखालची चौकट) ढिली करून ती आडवी सरकवावी लागते, एका बाजूचं काढायचं आणि दुसऱ्या बाजूला द्यायचं. दादांनी ती तीन वेळा सरकवली. मी स्टूलवर बसून स्क्रीनकडे बघत होते आणि कुणी घाई करत नव्हतं, हे मला फार आवडलं. शेवटी कॅम्बर डावीकडे उणे 45 मिनिटं, उजवीकडे उणे 50. टो दोन्ही मिळून 10 मिनिटं आत. प्रिंट न मागता हातात दिली.

पहिल्या दिवशी स्टिअरिंग थोडं जड लागलं, नंतर सवय झाली. वणीच्या घाटात मात्र फरक लगेच कळला, वळणात शिरताना गाडीचं नाक आधी थोडं बावचळायचं, ते गेलं.

तीनशे रुपयांचं टायरची खोली मोजायचं गेज आणलंय. दर हजार किलोमीटरला स्टिअरिंग पूर्ण वळवून आत, मधे, बाहेर अशी तीन मापं घ्यायची. आज सकाळी 3,000 झाले. डावा टायर आत 6.9, मधे 7, बाहेर 7. उजवा तिन्हीकडे 7. बाबांनी चष्मा लावून परत एकदा स्वतः मोजलं आणि तारखेसकट वहीत लिहिलं.