बोडीतले सामान

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाची टायोगा खिंड ओलांडून पूर्वेकडे उतरलेली बहुतेक मंडळी मोनो सरोवर पाहून माघारी वळतात. आम्ही मात्र उत्तरेचा रस्ता धरला आणि शेवटचे तीन मैल कच्च्या वाटेची धूळ खात बोडी या ओस पडलेल्या खाणगावी पोहोचलो. आठ हजार फुटांहून उंच असलेल्या या उघड्याबोडक्या माळावर १८५९ मध्ये सोने सापडले, ते शोधणारा त्याच वर्षी बर्फाच्या वादळात गारठून मेला, आणि खरी झुंबड उडाली ती १८७६ नंतर, स्टँडर्ड कंपनीला भरघोस सोने लागल्यावर. १८८० च्या सुमारास इथे हजारोंची वस्ती होती. आज शंभरेक इमारती उभ्या आहेत, बहुतेक लाकडी. १९३२ च्या आगीने उरलेल्या गावाचा मोठा भाग गिळला.

१९६२ पासून हे गाव कॅलिफोर्निया राज्याचे ऐतिहासिक उद्यान आहे, आणि ते सांभाळण्याची तऱ्हा मला फार आवडली. छप्पर गळू लागले तर दुरुस्त करतात, भिंत कलली तर टेकू देतात, पण नव्याचा मुलामा चढवत नाहीत. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या देवळांच्या दगडांना ऑइलपेंट फासणाऱ्या आपल्या मंडळींनी एकदा इथे यावे.

बहुतेक घरे बंदच असतात. धुळकट काचेला नाक लावून आत पाहायचे. भिंतीवरून सोलवटत लोंबणारा कागद, पलंगाचा गंजका सांगाडा, शाळेत बाके आणि पृथ्वीचा गोल, दुकानाच्या फळ्यांवर मालाचे डबे. एवढे सगळे टाकून माणसे कशी गेली, याचे उत्तर रोकडे आहे: गाडीत मावेल तेवढेच नेले, कारण बाकीचे वाहून नेण्याचे भाडे मालाच्या किमतीलाही भारी पडले असते. १८८१ मध्ये रेल्वे आली खरी, पण ती सरोवरापलीकडच्या जंगलातून सरपण आणि इमारती लाकूड आणण्यापुरती. बाहेरच्या जगाशी ती कधी जोडलीच गेली नाही. सोने बाहेर गेले आणि चूलभांडी मागे राहिली.

इथला साधा खिळा जरी खिशात घातला तरी शाप लागतो, अशी वदंता आहे. उचललेली वस्तू टपालाने परत पाठवून क्षमा मागणाऱ्यांची पत्रे संग्रहालयात वाचायला मिळतात. ती पाहिल्यावर सासूबाईंनी गाडीत बसण्यापूर्वी आम्हा सर्वांना बुटांतले खडेसुद्धा झटकायला लावले.