आठवा दरवाजा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा कोल्हापुरात प्रत्येकाच्या तोंडी दोनच प्रश्न होते : पाणी किती फुटांवर आहे आणि राधानगरीचे किती दरवाजे उघडले आहेत. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि धरण भरले की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात, हेही बहुतेकांना ठाऊक असते.

त्या आठवड्यात आमच्या ओळखीतल्या, तालमीत जाणाऱ्या एका मुलाने सरकारी निवेदनाच्या थाटात एक मजकूर लिहिला. ‘राधानगरी धरणाचा आठवा स्वयंचलित दरवाजा उद्या दुपारी ठीक चार वाजता उघडण्यात येणार असून नदीकाठच्या नागरिकांनी आपले साहित्य घेऊन तत्काळ बाहेर पडावे’ अशी त्याची सुरुवात होती आणि ‘नवव्या दरवाजाची तारीख गणपतीनंतर कळवण्यात येईल’ असा शेवट होता. चार दिवस कमरेइतक्या पाण्यातून जेवणाची पाकिटे पोहोचवून दमलेल्या मित्रांना घटकाभर हसवावे, एवढाच त्याचा हेतू होता. मित्र हसलेही. सातच दरवाजे असलेल्या धरणाचा आठवा दरवाजा, तोही आपोआप उघडणारा असून वेळ ठरवून उघडणार, यातला विनोद कळायला कोल्हापूरकराला वेळ लागत नाही.

तो मजकूर दुसऱ्या दिवशी शुक्रवार पेठेत राहणाऱ्या माझ्या आत्याच्या मोबाइलवर आला, तेव्हा त्यात शेवटचे वाक्य नव्हते. वाटेत ते कोणी गाळले, हे आजतागायत कळलेले नाही. पाणी तिच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलेले होते, दोन दिवस वीज नव्हती, मोबाइल शेजाऱ्यांच्या गाडीत चार्ज करून आणलेला होता. एकाहत्तर वर्षांच्या त्या बाईने देव्हाऱ्यातले देव लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवून तोंडाला फडके बांधले, घराची कागदपत्रे पत्र्याच्या ट्रंकेत भरली, ती ट्रंक एकटीने ओढत दाराबाहेर आणली आणि दुपारी तीनपासून डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद धरून ती पायरीवर बसून राहिली. संध्याकाळी मी पोहोचलो तेव्हा ती बरणी तिने पदराखाली दोन्ही हातांनी धरलेली होती. पुढे आठ दिवस ती तापाने अंथरुणाला खिळली. दरवाजे सात आहेत हे तिला माहीत नव्हते असे नाही. पण पाणी गल्लीशी आलेले असताना आकडे मोजण्याचे भान कोणाला राहते?

ख्रिस्तोफर ब्लेअर या अमेरिकन माणसाविषयी मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला ती पायरी आठवते. मेन राज्यात राहणाऱ्या ब्लेअरने २०१६ मध्ये फेसबुकवर ‘अमेरिकाज लास्ट लाइन ऑफ डिफेन्स’ नावाचे पान सुरू केले. तो स्वतः उदारमतवादी विचारांचा, पण पानाचा सगळा अवतार कडव्या ट्रम्पसमर्थकाचा ठेवलेला. विरोधी राजकारण्यांविषयी अशक्य वाटाव्यात अशा बातम्या रचायच्या, लोक त्यांवर संतापून तुटून पडले की त्यांना उघडे पाडायचे आणि द्वेषाच्या भरात माणूस कशावरही विश्वास ठेवतो हे दाखवून द्यायचे, अशी त्याची रीत होती. आपण उपहासकार आहोत, असे तो ठामपणे सांगतो, आणि ते खोटे नाही. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याच्यावर मोठा लेख प्रसिद्ध केला, त्यात नोंदवले आहे की त्याच्या पानावर चौदा ठिकाणी खुलासे होते आणि त्यांपैकी एकाचे शब्द सरळ असे होते की, या पानावरचे काहीही खरे नाही.

त्याच लेखात त्याच्या एका करामतीचे वर्णन आहे. व्हाइट हाउसमधल्या एका समारंभाच्या छायाचित्रात मागे उभ्या असलेल्या दोन स्त्रिया म्हणजे मिशेल ओबामा आणि चेल्सी क्लिंटन असून त्यांनी राष्ट्रगीताच्या वेळी ट्रम्प यांना अश्लील खूण केली, असे त्याने लिहिले. त्या दोघी त्या नव्हत्याच, आणि खूणही कोणी केलेली नव्हती. तरीही नेवाडातल्या वाळवंटी भागातल्या एका वृद्ध, एकट्या राहणाऱ्या बाईने ते खरे मानून पसंतीची खूण केली. त्या बाईचे घर, तिचा संगणक, दिवसभर त्या पडद्यासमोर बसणे, हे सगळे वाचताना मला हसू आले नाही. चौदा खुलासे तिच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. फेसबुकवर एखादा दुवा पुढे सरकतो, तेव्हा त्याच्यासोबत छायाचित्र, मथळा आणि फार तर एखादी ओळ जाते. खुलासा मूळ पानावरच राहतो. पुढे इतर संकेतस्थळांनी ब्लेअरचा मजकूर उचलून आपापल्या नावाने छापला, तेव्हा त्यांनी खुलासे घेतलेच नाहीत, कारण जाहिरातीचे पैसे बातमीवर मिळत होते, खुलाशावर नव्हे. वाचक हसून आला की संतापून आला, याचा हिशेब जाहिरातीच्या यंत्रणेत नसतो. खुद्द ब्लेअरलाही या पानाचे भरघोस उत्पन्न मिळत असे, आणि त्याच्या हेतूविषयी बोलताना ही गोष्ट बाजूला ठेवता येणार नाही.

त्याच्या आधीचा पॉल हॉर्नर हाही असाच. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत, ट्रम्प यांच्या सभेत निदर्शने करण्यासाठी एका माणसाला ३,५०० डॉलर मिळाले, अशी बातमी त्याने रचली, आणि ट्रम्प यांच्या मुलाने, एरिक ट्रम्प यांनी, ती खरी समजून पुढे पाठवली.

मला प्रश्न पडतो तो असा की, सोंग घेणे आपल्याला नवे आहे का? मुळीच नाही. माझ्या लहानपणी आमच्या दारात बहुरूपी येत असे. खाकी कपडे, हातात छडी आणि बक्कल तुटल्यामुळे सुतळीने बांधलेला पट्टा. तो पट्टा मला अजून दिसतो. ‘तुमच्या नावाचं वॉरंट आहे, तुमच्या कोंबडीनं आमच्या हत्तीला लाथ मारली,’ असे तो वडिलांना दरडावून सांगे, मी आईच्या मागे लपत असे, आणि मग वडील हसले की तो छडी काखेत धरून, हात जोडून बिदागी मागे. भीती आणि तिचा उलगडा, दोन्ही एकाच उंबऱ्यावर, पाच मिनिटांच्या आत घडत. मी फारच घाबरलो तर तो टोपी काढून मला त्याचे डोके दाखवत असे. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या जेवढे खोटे बोलतो तेवढे कोणीच बोलत नाही, पण त्याच्यासमोर बसलेल्या प्रत्येकाला तो सोंगाड्या आहे हे माहीत असते, आणि खेळ संपेपर्यंत तो फडावरून हलत नाही. ब्लेअरचा दोष मला खोटे रचण्यात दिसत नाही. ज्यांची तोंडे दिसत नाहीत अशा लाखो उंबऱ्यांवर त्याने एकाच वेळी सोंग पाठवले, आणि टोपी काढायला तो त्यांतल्या एकाही उंबऱ्यावर नव्हता. जिथे त्याने टोपी काढली, तिथे फसलेल्या माणसाची चारचौघांत थट्टा झाली. आणि अपमान झालेला माणूस शहाणा होण्याऐवजी आणखी हट्टी होतो, हे कोणत्याही घरातल्या भांडणात दिसते.

शेवट कापला गेला की काय होते, हे महाराष्ट्राने २०१८ मध्ये पाहिले आहे. त्या वर्षी मुले पळवणाऱ्या टोळीची म्हणून जी चित्रफीत देशभर फिरली, ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी बनवलेली होती. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलतात, लगेच परत आणून सोडतात आणि फलक दाखवून पालकांना सावध करतात, असे तिचे स्वरूप होते. फिरलेल्या फितीतून परत सोडणे आणि फलक, दोन्ही काढून टाकलेले होते. अशाच अफवांच्या वातावरणात १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षेसाठी गावोगाव फिरणारे लोक होते. आमच्या दारातला बहुरूपी जसा गावोगाव फिरे, तसेच. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती आवश्यक होती, पण कापलेला शेवट तिने जोडून मिळत नाही.

पूर ओसरल्यावर मी त्या मुलाला शोधून काढले. आपला मजकूर कुठवर गेला, हे त्याला ठाऊकच नव्हते. मी आत्याविषयी सांगितल्यावर तो गप्प झाला आणि दुसऱ्याच दिवशी तिच्याकडे आला. ट्रंक अजून ओल्या भिंतीपासून दूर, खाटेवर ठेवलेली होती. तो तिच्यासमोर खाली बसला आणि ‘आज्जी, ते मी लिवलं होतं’ असे म्हणाला. आत्या त्याच्यावर रागावली नाही. तिने त्याला सगळा मजकूर पहिल्यापासून वाचायला लावला. नवव्या दरवाजाचे वाक्य आले, तेव्हा तिने हाताने त्याला थांबवले आणि ते पुन्हा वाचून घेतले.

‘ही वळ आली असती,’ ती म्हणाली, ‘तर मी कशाला घरातनं हाललो असतो, बाळा?’