‘फक्त डाय लावलाय’ म्हणाल्या, आणि पुढच्या बटेचा रंग हिरवा निघाला

पार्लरमध्ये बायका वयाबद्दल एक वेळ खरं सांगतील पण घरी केसांना काय काय लावलं हे सहसा सांगत नाहीत. म्हणजे अगदी खोटं बोलायचं असतं असं नाही, लाज वाटते, आपण ओरडू असं वाटतं, किंवा त्यांच्या मते ते ‘लावलं’ या सदरात येतच नाही. मेहंदी काय लावणं असतं का, ती तर नॅचरल!

मी डोंबिवलीत पार्लर चालवते. या ताई (कितीही मोठी बाई असू दे, तिला काकू म्हणायचं नाही हा आमच्या धंद्याचा पहिला नियम) ठाण्याला बँकेत आहेत, संध्याकाळी लोकलमधून उतरून तशाच आल्या, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. आठवड्यावर भाचीचं लग्न. ओढणी काढली आणि म्हणाल्या, "अगं बघ ना काय झालंय, फक्त डाय लावला मी घरी."

आधीची हकीकत अशी की बऱ्याच वर्षांपासून त्या ऑफिसजवळच्या एका ठिकाणी हायलाईट्स करत होत्या, म्हणजे मधल्या मधल्या बटा ब्लीचने फिक्या करून रंगवायच्या, कॅरॅमल शेड, दर चार-पाच महिन्यांनी फॉइल लावून. आता हायलाईट्सचं काय होतं, दर वेळी नवीन बट घेतली जाते, जुनी पण थोडी परत सापडते, करता करता खालचे केस जवळजवळ सगळेच ब्लीच झालेले असतात आणि बाईला वाटत असतं की आपले थोडेच केस हायलाईट आहेत. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे खांद्याखाली केस असतील तर टोकाला तीन-एक वर्षांपूर्वीचं ब्लीच बसलेलं असतं, आणि त्याच्यावर मधल्या काळातलं सगळं टोनर (ब्लीचनंतर शेड सुधारायला लावतात तो हलका रंग), स्ट्रेटनर, ऊन, टाकीचं पाणी. यांनी मग मध्ये कंटाळा केला, रूट्स चांगले तीन इंच खाली आले, त्यात पांढरे पण डोकावायला लागले, लग्नाच्या सीझनला अपॉइंटमेंट मिळेना, म्हणून दुकानातून दोन-अडीचशेचा डार्क ब्राऊनचा डबा आणला आणि रविवारी बाथरूममध्ये लावून मोकळ्या.

मी काही डब्याच्या विरोधात नाहीये हां. माझी आई वर्षानुवर्षं तोच लावते, तिच्या केसांना कधी ब्लीच लागलेलं नाही, तिचा रंग मस्त येतो. डब्याच्या मागे ते छोटे फोटो असतात ना, आधीचा रंग आणि नंतरचा रंग, ते बघा कधी, सगळे साध्या केसांचे असतात. ब्लीच झालेल्या केसांना काय होईल ते त्यात कुठेच नसतं. आणि त्यातलं डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचं पेरॉक्साईड, सगळ्यांना चालावं म्हणून बहुतेक वेळा ६ टक्क्यांचं, आमच्या भाषेत २० व्हॉल्यूम. ते पांढऱ्या केसांना ठीक, पण आपले मुळातले काळे केस त्याने थोडे उघडतात आणि आपल्या काळ्याच्या आत लालच असतो. टाळूजवळ उष्णता असते म्हणून तिथे जास्तच उघडतात. म्हणून मुळं लालसर. खाली ब्लीच झालेल्या पिवळ्या केसांवर गार टोनचा ब्राऊन, म्हणजे ज्यात निळसर पिगमेंट आहे असा, बसला की निळं अधिक पिवळं किती ते चित्रकलेच्या तासाला शिकवलेलंच असतं. शिवाय ब्लीच झालेला केस सच्छिद्र, तो रंग पिऊन घेतो आणि अजून मळकट दिसतो.

तर मी टेल कोंबने भाग पाडायला सुरुवात केली. टोकं हिरवट करडी, अगदी पावसाळ्यातल्या गच्चीच्या कठड्यावरचं शेवाळ. मधले केस गडद, चहाच्या गाळासारखे म्हणणार होते पण राहू दे. ते सगळं अपेक्षितच होतं. मानेवरचे केस उचलले, तिथली मुळं तांबूस. हे पण अपेक्षित. पुढे भांगापाशी आले आणि तिथली मुळं एकदम काळी, ट्यूबलाईटखाली निळी झाक मारतायत. एकाच डब्याने एकाच डोक्यावर मागे तांबूस आणि पुढे निळसर काळं होत नाही. ज्या जागा आरशात दिसतात तेवढ्याच काळ्या होत्या.

मी काही बोलले नाही, कारण नुसतं विचारलं की नाहीच म्हणतात. मानेवरची एक छोटी बट आणि भांगाजवळून आतली एक, अशा दोन कापल्या, दोरा बांधला. मी टेस्ट नेहमी दोन जागांवरून घेते. आधी काचेच्या वाटीत पेरॉक्साईड आणि थोडं अमोनिया घालून त्यात थोडे केस बुडवले, कारण काही डायमध्ये धातूचे क्षार असतात, आणि तसे असतील तर मिश्रण तापतं, बुडबुडे येतात, कधी वाफा पण निघतात, मग त्या डोक्याला मी हातच लावत नाही. तसं काही झालं नाही, सुटले. मग दोन्ही बटांना थोडं ब्लीच लावून फॉइलमध्ये ठेवलं आणि चहा मागवला.

मानेवरची बट वीस-पंचवीस मिनिटांत तांबूस नारिंगी झाली, म्हणजे नेहमीसारखी. भांगाजवळची उघडली तर मोरपिशी हिरवी! माझी असिस्टंट मुलगी नवीन आहे, ती "अय्या!" करून ओरडलीच.

"ताई, वर अजून काय लावलंत?"

"अगं काही नाही, डायच तो."

"मागच्या केसांना पण तोच ना?"

"हो, तोच."

"मग मागे लाल आणि पुढे निळं कसं?"

त्यांनी आरशात माझ्याकडे बघितलं, मग त्या बटेकडे. "ती शेजारची म्हणाली इंडिगो पावडर लाव, लाल झाकतं, नॅचरल असतं, काही होत नाही त्याने. पुढेपुढेच लावली गं, मागे हात पोचेना."

तर तो इंडिगो. नीळ. पाल्याची पावडर असते, नॅचरल आहे हे शंभर टक्के खरं. पण याच निळीने कापड रंगवतात, आणि ती कापडाला धरते तशी केसाला पण धरते. नॅचरल म्हणजे धुतली की जाते असं बायकांना का वाटतं मला कळत नाही. त्याच्यावर ब्लीच टाकलं की केसाचा स्वतःचा रंग उडून पिवळा होतो आणि नीळ मात्र आतच बसून राहते, मग हिरवं. मी बट टेस्ट न करता पुढच्या केसांना ब्लीच लावलं असतं तर भाचीच्या लग्नात मावशी हिरव्या भांगाने मिरवली असती. तरी यांचं नशीब की ती पावडर नुसत्या निळीची होती. ‘काळी मेहंदी’ म्हणून ज्या पुड्या मिळतात त्यांचं प्रकरण अजून वेगळं. मेहंदीच्या पाल्याचा रंग तांबूसच येतो, नुसत्या मेहंदीने काळा होतच नाही, त्या पुड्यांत बहुतेक वेळा पीपीडी असतो, म्हणजे डायमधलाच पदार्थ, आणि त्याची ॲलर्जी आली तर डोळे बंद होईपर्यंत तोंड सुजतं.

त्या दिवशी मी बाकी काहीच केलं नाही. ॲलर्जी येते का बघायला कानामागे थोडा रंग लावून पॅच टेस्ट केली, ४८ तास थांबायला सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, इतकी वर्षं रंग लावतेय मी, वगैरे. म्हटलं ॲलर्जी इतक्या वर्षांनंतरच येते बऱ्याचदा. आणि एक गोष्ट तेव्हाच स्पष्ट सांगितली की लग्नात कॅरॅमल हायलाईट्स मिळणार नाहीत. व्यवस्थित ब्राऊन मिळेल. ओले करून टोकाचा केस ओढून दाखवला त्यांना, चांगला केस ताणला की परत जागेवर येतो, यांचा ताणला तो तसाच लांब राहिला आणि तुटला. त्यावर आता ब्लीच लावणं म्हणजे केस हातात घेऊन घरी जाणं. थोडं रडू आलं त्यांना, मग म्हणाल्या, "तू म्हणशील तसं. पण टकली करू नकोस."

शुक्रवारी त्यांनी रजा टाकली आणि सकाळी दुकान उघडायच्या आधीच शटरपाशी उभ्या.

पहिलं काम, पुढचा इंडिगोचा भाग वेगळा काढून क्लिपा लावून टाकला. त्याला हात नाही. त्या भागाला ब्लीच नाही, रिमूव्हर नाही, कारण निळीचं त्याने काय होईल याचा भरवसा नाही, आणि मुळात आपल्या बायकांची मुळं काळी असली तर कुणाला वावगं दिसत नाही. खराब दिसत होतं ते खालचं. मधल्या आणि खालच्या केसांना कलर रिमूव्हर लावला. लोक याला ब्लीच समजतात, पण ते नाहीये. डायचे बारीक कण केसात शिरतात आणि पेरॉक्साईडने एकमेकांना जोडून मोठे होतात, म्हणून धुऊन निघत नाहीत, रिमूव्हर त्यांना परत सुटे करतो. वास मात्र सडक्या अंड्याचा. शेजारच्या टेलरने येऊन विचारलं गॅस लीक आहे का. आणि नंतर धुवायचं ते खरं काम, बेसिनवर वीस मिनिटं सलग, कारण सुटे झालेले कण आत राहिले तर हवेने परत जोडले जातात आणि दुसऱ्या दिवशी बाई फोन करते की परत काळं झालं. पोरीचे हात दुखले, मी घेतलं, ताईंची मान दुखली, टॉवेलची घडी ठेवली.

डोकं पुसून आरशासमोर बसवलं. वर काळं, मध्ये नारिंगी, खाली मळकट पिवळे पट्टे. वर्षानुवर्षांच्या फॉइल्स एकेक करून मोजता आल्या असत्या.

"हे काय गं! हे तर आधीपेक्षा वाईट आहे!"

म्हटलं मी सांगितलेलं ना मध्ये असं दिसेल. नवऱ्याचा फोन वाजत होता, उचलला नाही त्यांनी.

इथे बरेच जण घाई करतात, पिवळ्यावर सरळ ब्राऊन लावून मोकळे होतात. मग परत तोच हिरवट रंग, कारण ब्राऊनला खाली लाल-नारिंगी लागतो आणि ब्लीचने तोच काढून टाकलेला असतो. तो आधी परत भरायचा. टोकांचे तीन इंच कापून टाकले, ते वाचणारे नव्हतेच, आणि उरलेल्या पिवळ्या भागावर कॉपर-गोल्डचा डेमी-परमनंट, म्हणजे हळूहळू उतरणारा रंग, लावला, अगदी हलक्या डेव्हलपरमध्ये, उरलासुरला डाय परत गडद होऊ नये म्हणून. टोकं गाजरी झाली. ताईंनी डोळेच मिटून घेतले, झालं की सांग म्हणाल्या. मग त्यावर पाच नंबरचा वॉर्म ब्राऊन. नंबर वाढेल तसा रंग फिका, आपला काळा एक-दोन, पाच म्हणजे उन्हात ब्राऊन आणि घरात जवळजवळ काळा, लग्नाच्या फोटोत छान येतो. सगळ्यात मजा मानेवरच्या तांबूस मुळांची, तिथे मी मॅट शेड घातली, ज्यात हिरवा असतो, कारण लालला हिरवाच मारतो. ज्या हिरव्यामुळे एवढं रामायण झालं तोच मागे मुद्दाम लावत होते, पोरीला हे समजावून सांगताना ताई पण ऐकत होत्या आणि पहिल्यांदा हसल्या. शेवटी इंडिगोच्या खालच्या कडेला गडद ब्राऊन बोटांनी पुसत पुसत खाली आणला, म्हणजे काळं कुठे संपतं ती रेघ दिसायला नको.

डबे तिघींनी एकत्रच खाल्ले, त्यांच्याकडे मेथीचे पराठे होते. ब्लो ड्राय झाला तेव्हा उन्हं कलली होती. रंग चांगला आला होता. एकदम सिनेमातल्यासारखा नाही, जवळून बघितलं तर भांगाशी निळी झाक आहेच, पण केसांत हात घालून त्या बराच वेळ आरशात बघत होत्या. बिल बघून म्हणाल्या, "एवढ्यात तर तीन वेळा हायलाईट्स झाल्या असत्या." वादच नाही, झाल्या असत्या.

लग्न झाल्यावर महिन्याभराने आल्या. सच्छिद्र केसात रंग टिकत नाही, टोकांचा बराचसा उतरला होता, हे पण मी आधी सांगितलं होतं, परत ग्लॉस केला, म्हणजे वरून चमक देणारा हलका रंग. आता त्यांचा प्रश्न होता हायलाईट्स परत कधी. तर अडचण अशी आहे की ती नीळ केसाबरोबर खाली खाली येणार, वर्षभराने कानाच्या रेषेला असेल, आणि जोपर्यंत ती कापली जात नाही तोपर्यंत त्या भागाला ब्लीच नाही म्हणजे नाही. फॉइल लावायचीच तर मागच्या आणि आतल्या केसांना, जिथे त्यांचा हात पोचला नव्हता. त्या म्हणाल्या मागे केलेल्या हायलाईट्स मला दिसणार कशा? म्हटलं अंबाडा घाला. विचार करते म्हणाल्या, आणि जाता जाता उरलेल्या पावडरीचं काय करू ते विचारलं. शेजारणीलाच परत द्या, म्हटलं, तिच्या केसांना कधी ब्लीच लागलेलं नाही, तिला ती छानच चालते.